मागचा ॲक्सल बदलला, त्याची हकिकत

मागच्या ॲक्सलच्या हौसिंगचं, म्हणजे गिअर ज्यात बसतात त्या पेटीचं, कव्हर सैल केलं तेव्हा ट्रेमध्ये तेल पडलंच नाही. पडला तो राखाडी, चकचकीत चिखल. बोटांवर घेऊन चोळला तर कण टोचत होते. तळाशी चुंबकाला चिकटलेला एक तुकडा सापडला, करंगळीच्या नखाएवढा. पिनियनच्या, म्हणजे इंजिनाचा जोर आत आणणाऱ्या लहान दातेरी चक्राच्या, एका दाताचा कोपरा होता तो. गेले दोन महिने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ताशी साठ ते ऐंशीच्या मध्ये मागून जी घरघर येत होती, तिचं उत्तर माझ्या तळहातावर होतं.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन दारांची, मूळची चार सिलिंडरची. तीन वर्षांपूर्वी मी तिच्यात पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि टी-५ हा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. इंजिनाचा टॉर्क साधारण ४०० न्यूटन-मीटर. मागचा ॲक्सल मात्र तसाच ठेवला, साडेसात इंची, ३.०८ रेशोचा. इथे इंच म्हणजे क्राउन व्हीलचा, पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास. आणि रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतो तो आकडा. पैसे आणि वेळ दोन्ही इंजिनात संपले होते आणि 'मागचं नंतर बघू' असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते नंतर असं आलं.

पहिला प्रश्न होता, दणकट म्हणजे किती दणकट? मी सरळ हिशेब मांडला. ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे ३.३५ आणि ॲक्सलचे ३.०८ यांचा गुणाकार केला की चाकांवर ४,१०० च्या वर न्यूटन-मीटर येतात. आकडा बघून घाबरायला होतं. पण तो चाकांपर्यंत कधी पोहोचतच नाही. माझी गाडी १,४५० किलोची, त्यातलं ४४ टक्के वजन मागे. जोरात निघताना वजन मागे सरकतं तेही धरलं, तर मागच्या टायरांवर पावणेआठशे किलोच्या आसपास भार येतो. रस्त्यावरच्या चांगल्या टायरांची पकड ०.९ धरली आणि चाकाची त्रिज्या गुणली, तर सुमारे २,१७० न्यूटन-मीटरला टायर सुटतात. म्हणजे इंजिन देऊ शकतं त्याच्या जेमतेम निम्म्यावर. ॲक्सलला किती सोसावं लागेल हे इंजिन ठरवत नाही, टायर ठरवतात. ज्याला शर्यतीचे चिकट टायर लावायचे आहेत त्याचा ॲक्सल वेगळा आणि माझा वेगळा, इंजिन एकच असलं तरी.

मग माझा दात का तुटला? झटक्यांमुळे. माझ्यासारख्या लीफ स्प्रिंगच्या (पाट्यांच्या) गाडीत क्लच पटकन सोडला की स्प्रिंग पिळवटते, चाक उड्या मारतं, आणि दर उडीनंतर टायर पुन्हा रस्ता पकडतो तेव्हा दातांवर हातोडा बसतो. वरचा हिशेब शांतपणे लावलेल्या जोराचा आहे, हातोड्याचा नाही. म्हणून थोडी जास्त ताकद हवी, पण अमर्याद नको.

सुचवण्यांची कमतरता नव्हती. सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते फोर्डच्या नऊ इंचीचं नाव. १९५७ साली आलेला हा ॲक्सल आजही शर्यतीच्या गाड्यांत दिसतो आणि त्याला कारण आहे. त्यात पिनियनच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो, त्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जात नाही. शिवाय सगळं गिअरिंग पुढच्या बाजूने एका तुकड्यात बाहेर निघतं आणि टेबलावर ठेवून जुळवता येतं. ज्याला वारंवार रेशो बदलायचा आहे त्याने दुसरं काही बघूच नये. पण त्याचा पिनियन क्राउनच्या मध्यापासून सव्वादोन इंचांच्या आसपास खाली बसतो. पिनियन जितका खाली, तितके दात एकमेकांवर जास्त घासतात. घर्षण वाढतं, तेल तापतं, थोडी ताकद वाटेतच जाते. शिवाय तो जड आहे. जनरल मोटर्सचा बारा बोल्टवाला चांगलाच, पण माझ्या गाडीला बसवायला सगळं नव्याने बनवावं लागलं असतं. डाना कंपनीचा ६० हा तर पावणेदहा इंची, ट्रकच्या कामाचा.

आणि एक गोष्ट या चर्चांमध्ये कुणीच काढत नव्हतं. टी-५ गिअरबॉक्सची स्वतःची मर्यादाच ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. तिथे डाना ६० लावला तर ॲक्सल अभंग राहील आणि गिअरबॉक्सचे दात तेलात सापडतील.

मी निवडला फोर्डचा ८.८ इंची, एक्सप्लोरर या त्यांच्या एसयूव्हीमधून निघालेला. त्याच कंपनीच्या त्या काळच्या साध्या मस्टँगमधल्या ८.८ ला २८ खाचांचे शाफ्ट असतात, एक्सप्लोररच्या ॲक्सलला ३१. म्हणजे शाफ्ट जाड. हौसिंगच्या नळ्याही जाड, सव्वातीन इंच व्यासाच्या. १९९५ पासूनच्या ॲक्सलवर डिस्क ब्रेक. एक उणीव मला मान्य होती: यात शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने, म्हणजे इंग्रजी सी आकाराच्या कडीने, अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला तर चाक बाहेर सरकू शकतं. नऊ इंचीत शाफ्ट बाहेरच्या टोकाला पट्टीने धरलेला असतो, तिथे ही भीती नाही. सी-क्लिप काढून टाकायचे किट मिळतात, पण रोजच्या गाडीत ते सील गळतात अशी तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली होती की विचार सोडला. माझ्या टायरांवर ३१ खाचांचा शाफ्ट तुटायचा नाही, हा हिशेब आधी झालाच होता.

रेशो ठरवायला मात्र मला ॲक्सल निवडण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

सगळे म्हणत होते ४.१०. 'एकदा लावून बघ, गाडी उडेल.' मला उडवायची नव्हती, चालवायची होती. म्हणून आधी चाकाचा खरा घेर मोजला. टायरवर छापलेल्या २४५/४५ आर १७ वरून व्यास ६५२ मिलिमीटर येतो आणि घेर २.०५ मीटर. पण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, तीन फेरे गाडी ढकलली, टेप लावला. ५.९७ मीटर. म्हणजे एका फेऱ्याला १.९९. पुढचे सगळे आकडे या मापावर उभे आहेत. हे माप न घेता केलेला हिशेब तीन टक्क्यांनी चुकतो, आणि ३.५५ की ३.७३ हा वादच मुळी पाच टक्क्यांचा असतो.

ताशी १०० ला माझं चाक मिनिटाला सुमारे ८३८ फेरे घेतं. पाचव्या गिअरचा रेशो ०.६८. म्हणजे १०० च्या वेगाला पाचव्यात ३.०८ वर इंजिन १,७५० फेऱ्यांवर, ३.२७ वर १,८६० वर, ३.५५ वर २,०२० वर, ३.७३ वर २,१२५ वर आणि ४.१० वर २,३३५ वर. दुसऱ्या टोकाला, ५,५०० फेऱ्यांपर्यंत खेचलं तर पहिला गिअर ३.०८ वर ताशी ६३ पर्यंत जातो, ३.७३ वर ५२ पर्यंत, ४.१० वर ४८ ला संपतो. दुसरा अनुक्रमे १०७, ८८ आणि ८० पर्यंत.

हे आकडे वहीत लिहून मी आठवडाभर नुसती गाडी चालवली आणि धाकट्या भावाला शेजारी बसवून नोंदी करायला लावल्या: कोणत्या वेगाला मी कोणता गिअर टाकतो, कुठे गिअर बदलावासा वाटतो आणि कुठे मन मागे घेतो. वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. ऐंशीला मी कधीच पाचव्यात जात नव्हतो. ३.०८ वर तिथे इंजिन १,४०० फेऱ्यांवर येतं आणि पॅडल दाबलं की गाडी कुरकुरते. पाच गिअरच्या गाडीत मी चारच वापरत होतो. निघतानाही पहिला गिअर इतका लांब की गर्दीत अर्धा क्लच धरून सरकावं लागे. लहान रेशोचा हा रोजचा त्रास कुणी सांगत नाही, सगळे वेगाच्या गोष्टी करतात.

मग एक युक्ती सुचली आणि तिनेच निकाल लावला. नवा रेशो लावल्यावर महामार्गावर इंजिन कसं वाजेल, हे ॲक्सल न बदलता ऐकता येतं. चौथा गिअर थेट असतो, १.००. जुन्या ३.०८ वर चौथ्यात ताशी ८२ ला इंजिन जितक्या फेऱ्यांवर असतं, तितक्याच फेऱ्यांवर ते ३.७३ वर पाचव्यात १०० ला असणार. ४.१० ऐकायचा तर चौथ्यात ९०, ३.५५ ऐकायचा तर ७८. वाऱ्याचा आवाज तेवढा नसतो आणि इंजिनावरचा भारही थोडा कमी असतो, म्हणून मी हलक्या चढाचा लांब रस्ता निवडला. प्रत्येक वेगाला अर्धा अर्धा तास.

४.१० च्या वेगाला वीस मिनिटांत भाऊ म्हणाला, "दादा, हे चार तास ऐकायचं असेल तर मी मागून बसने येतो." ३.५५ च्या वेगाला मात्र मला अनपेक्षित गोष्ट कळली. माझ्या सायलेन्सरचा घुमारा १,८५० ते २,०५० फेऱ्यांच्या मध्ये सगळ्यात वाईट होता. आठ सिलिंडरचं इंजिन २,००० फेऱ्यांवर सेकंदाला १३३ स्फोट करतं, आणि गाडीची केबिन नेमकी त्याच आवाजाला ढोलासारखी साथ देत होती. ३.२७ आणि ३.५५ दोन्ही मला १०० च्या वेगाला याच घुमाऱ्यात आणून सोडणार होते. ३.७३ त्याच्या पलीकडे होता. कागदावर मी ३.५५ कडे झुकलो होतो. तो कागद त्या चढावर मागे पडला.

३.७३ च्या बाजूने आणखी एक मुद्दा होता. टायर २,१७० ला सुटतात ते दोन्ही रेशोंवर सारखेच. पण त्या क्षणी प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्यावर, ३.०८ असताना ७०५ न्यूटन-मीटर असतात आणि ३.७३ असताना ५८२. म्हणजे जोरात निघताना गिअरबॉक्स आणि जॉइंट यांचा ताण उलट कमी होतो. मोठ्या रेशोने सगळंच लवकर तुटतं असं जे बोललं जातं ते अर्धवट आहे. पिनियन मात्र लहान होतो: ३.०८ मध्ये त्याला १३ दात, ३.७३ मध्ये ११. साडेसात इंचीत ते मला परवडलं नसतं, ८.८ मध्ये परवडतं.

ॲक्सल शोधताना कव्हरच्या बोल्टखालची पट्टी वाचायची. तिच्यावर ३ आणि ७३ यांच्या मध्ये एल हे अक्षर असेल तर रेशो ३.७३ आणि आत लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारी यंत्रणा. पण पट्टी एका कव्हरवरून दुसऱ्यावर सहज जाते, म्हणून मी दातांवर विश्वास ठेवला. ३.७३ म्हणजे ४१ भागिले ११. पिनियनच्या फ्लँजवर आणि चाकाच्या फ्लँजवर खडूची रेघ मारली, दोन्ही बाजू एकत्र फिरवत राहिलो. चाकाचे बरोबर ११ फेरे झाले आणि पिनियनचे ४१. तेव्हाच दोन्ही रेघा पुन्हा मूळ जागी आल्या. पहिल्या दोन ॲक्सलमध्ये तसं झालं नाही, तिसरा घेतला.

एक्सप्लोररच्या ॲक्सलमध्ये पिनियन मधोमध नसतो, डावी नळी लांब असते. ती सुमारे तीन इंच कापायची आणि दोन्ही बाजूंना उजवीकडचा आखूड शाफ्ट वापरायचा. मग पिनियन मध्यावर येतो आणि रुंदी १,४४० मिलिमीटरच्या आत बसते, जी माझ्या गाडीला हवी होती. इथे माझी एक चूक होता होता राहिली. जुनी रुंदी मी ब्रेक ड्रमच्या बाहेरून मोजली होती, ड्रमची जाडी वजा न करता. हौसिंग कापून वेल्ड करणाऱ्या मिस्त्रींनी टेप हातात घेऊन विचारलं, "चाक टेकतं ती जागा तुम्ही मोजलीत की ड्रम?" त्या प्रश्नाने एक हौसिंग वाचलं.

वेल्डिंगला तीन दिवस लागले, कारण ते घाई करत नव्हते. वेल्ड गार होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. दर टाक्यानंतर ते बेअरिंगांच्या जागेतून सरळ दांडा घालून बघत. शेवटी नळी किंचित वाकलीच. समोरच्या बाजूला तापवून त्यांनी ती परत आणली. मी दुसऱ्या दिवशी न्यायला गेलो तर म्हणाले, "आणखी एक दिवस थांबा. वाकडं हौसिंग देऊन मला झोप यायची नाही." नळ्या मधल्या ओतीव भागात फक्त दाबून आणि ठिपक्यांनी जोडलेल्या असतात, त्याही त्यांनी आधी तापवून पूर्ण वेल्ड केल्या, नाहीतर जोर आला की नळी आतल्या आत फिरू शकते.

क्राउन-पिनियन घेतलेल्या ॲक्सलमधलीच जुनी जोडी, पण बेअरिंग सगळे नवे. जुन्या शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) जशाच्या तशा घातल्या आणि मला वाटलं झालं. पिवळी पेस्ट लावून फिरवलं तर ठसा दाताच्या वरच्या कडेला आला. नवा बेअरिंग जुन्याहून केसभर वेगळा निघाला होता. पिनियन आत न्यायला जाड शिम हवी, आणि ती पिनियनच्या डोक्यामागे असते. म्हणजे प्रत्येक वेळी बेअरिंग दाबून काढायचा. यावर उपाय असा की एका जुन्या बेअरिंगचं भोक आतून घासून तो सैल करायचा आणि माप लागेपर्यंत तोच घालायचा-काढायचा. चौथ्या वेळी ठसा मधोमध आला. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, ०.३ मिलिमीटर, या ॲक्सलला ०.२० ते ०.३८ चालतो. पिनियनचा प्रीलोड, म्हणजे आवळल्यावर तो फिरवायला लागणारा जोर, नव्या बेअरिंगला १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर हवा, तो आणताना नट अक्षरशः अंशाअंशाने आवळायचा. आतली दबणारी नळी एकदा जास्त दबली की ढिली करून चालत नाही, नवी घालावी लागते. माझी एक गेली.

लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेट नव्या घातल्या. क्लच प्लेटऐवजी दातेरी चक्रांवर चालणाऱ्या टॉर्सेनचा विचार केला होता. तो शांत आणि टिकाऊ, पण एक चाक हवेत गेलं की त्याचा जोर संपतो. दोन्ही चाकं एकत्र जखडणारा लॉकर वळणावर खटखट करतो, रोजच्या गाडीत मला तो नको होता.

स्प्रिंगच्या बैठका वेल्ड करायच्या त्या गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. कोनमापक गिअरबॉक्सच्या टोकाला लावला, मग पिनियनला. दोन्ही समांतर हवेत, पण लीफ स्प्रिंगमध्ये जोर आला की पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून मी ते दोन अंश खाली ठेवून आधी फक्त टाके मारले, पुन्हा मोजलं आणि मगच पक्कं केलं. ब्रेकचं थोडक्यात सांगतो: मागच्या डिस्कमुळे पहिल्याच जोराच्या ब्रेकला मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकली. मोकळ्या जागेत होतो म्हणून निभावलं. मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय मी पुढे गाडी चालवली नाही, कुणीही चालवू नये.

पहिल्या मोठ्या फेरीत गाडी मला हवी तशी निघाली. ऐंशीला पाचवा टाकला, इंजिन १,७०० वर, कुरकुर नाही. आणि १०५ ला तळपायाखाली झिणझिण्या सुरू झाल्या. टायर म्हणावं तर चाक त्या वेगाला सेकंदाला पंधरापेक्षा कमी फेरे घेतं. त्याचा हादरा स्टिअरिंगला आणि सीटला थडथड असा येतो. हे बारीक गुणगुणणं होतं. फोनवर मोजलं, सेकंदाला ५५ कंप. प्रोपेलर शाफ्ट त्या वेगाला मिनिटाला ३,२८० फेरे घेतो, म्हणजे बरोबर ५५. शाफ्ट आखूड करून घेताना बॅलन्सिंग करायचं मी टाळलं होतं. जुन्या रेशोवर त्याच वेगाला तो २,७०० वर फिरला असता आणि कदाचित कळलंही नसतं, पण असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. २१ टक्के जास्त वेग म्हणजे जवळपास दीडपट हादरा. शाफ्ट काढला, बॅलन्स करून आणला, झिणझिण्या गेल्या.

स्पीडोमीटर २१ टक्के पुढे धावत होता. केबलवरचा गिअर १७ दातांचा होता, हिशेबाने २०.६ हवे होते. २१ लावला असता तर काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवत राहिला असता, म्हणून २० लावला. आता १०० ला १०३ दाखवतो.

पहिले काही दिवस वीस मिनिटं चालवून गाडी गार होऊ दिली. संथ वळणावर मागून करकर यायची, तेलात क्लच प्लेटसाठीचं सुमारे १२० मिली फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण बदलणारं द्रव्य) पडल्यावर आणि मोकळ्या जागेत आठाच्या आकड्यात फेऱ्या मारल्यावर ती गेली. एकदा सीलमधून तेल आलं तेव्हा सील उघडायच्या आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) बघितला. रंगाने बुजला होता. सुईने मोकळा केला आणि गळती थांबली.

आठशे किलोमीटरला कव्हर पुन्हा उघडलं. तेल तपकिरी, पारदर्शक, बोटांत गुळगुळीत. चुंबकावर राखाडी मलमासारखा पातळ थर, त्यात टोचणारं काही नाही. भावाने तो कापडाने पुसला, उजेडात उलटसुलट करून पाहिला आणि कापड मला दिलं. पिनियनचे अकराही दात मी एकेक करून बॅटरीच्या उजेडात बघितले. मग कव्हर लावलं आणि भरणीच्या भोकातून ओघळेपर्यंत नवं तेल भरलं.